बाउल सामने फिके का पडत चालले आहेत आणि बास्केटबॉलमधले हाडवैर ताजे का राहते?

रॉलीकर (प्रश्न)

गेली अनेक वर्षे मी नॉर्थ कॅरोलायनातील रॉली येथे राहतो. एन. सी. स्टेट विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी आलो तेव्हा अमेरिकन फुटबॉलचे नियमही मला ठाऊक नव्हते. परंतु ज्या विद्यापीठाचा लाल सदरा एकदा अंगावर चढतो, त्याचे जयपराजय हळूहळू आपल्याच घरातले होऊन जातात, तसे माझे झाले. प्रश्न त्या जिव्हाळ्यातूनच आला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२०२३ च्या फुटबॉल हंगामात आमच्या संघाने नऊ सामने जिंकले आणि २८ डिसेंबरला ऑरलँडो येथे पॉप-टार्ट्स बाउलमध्ये कॅन्सस स्टेटशी त्याची गाठ पडली. (नियमित हंगाम संपल्यावर निवडक संघांना बोलावून खेळवल्या जाणाऱ्या एकेका सामन्याला बाउल म्हणतात.) आमच्या विद्यापीठाने एका हंगामात दहा विजय मिळवल्याचे उदाहरण तोवर एकच होते, त्यामुळे मला त्या सामन्याचे मोल मोठे वाटत होते. आम्ही २८–१९ असे हरलो. दुसऱ्या दिवशी कचेरीत चर्चा झाली ती सामन्याची नव्हे, तर जिंकलेल्या संघाने मैदानावरच खाल्लेल्या त्या भल्यामोठ्या पॉप-टार्टची, म्हणजे सारण भरलेल्या गोड खाऊची. खेळाडूंनी हंगामभर गाळलेल्या घामाबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटले.

त्याच हिवाळ्यात बास्केटबॉलमध्ये काय घडले ते आठवून पाहा. नियमित हंगामाचे शेवटचे चार सामने ओळीने हरून आमचा संघ १७ विजय आणि १४ पराभव अशा अवस्थेत मार्च २०२४ मध्ये आमच्या एसीसी कॉन्फरन्सच्या (म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाच्या) स्पर्धेसाठी वॉशिंग्टनला गेला. तेथे त्याने पाच दिवसांत पाच सामने जिंकले. त्यांत ड्यूकला ७४–६९ असे हरवले, व्हर्जिनियाविरुद्ध मायकेल ओकॉनलने अखेरच्या क्षणी मारलेला तीन गुणांचा चेंडू फळ्यावर आपटून जाळीत गेला म्हणून जादा वेळ मिळाला, आणि अंतिम सामन्यात नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाला ८४–७६ असे नमवून १९८७ नंतर प्रथमच एसीसीचे विजेतेपद रॉलीत आले. पुढे राष्ट्रीय स्पर्धेत डॅलसला ड्यूकशी पुन्हा गाठ पडली. तो सामना ७६–६४ असा जिंकून आम्ही फायनल फोरपर्यंत, म्हणजे उपांत्य फेरीपर्यंत, पोहोचलो. त्या तीन आठवड्यांत या गावात ओळख नसलेली माणसेही एकमेकांना थांबवून बोलत होती.

विद्यापीठ तेच, गाव तेच, चाहतेही तेच. मग डिसेंबरातला बाउल सामना दोन दिवसांत विरतो आणि ड्यूक किंवा नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धचा बास्केटबॉल सामना वर्षानुवर्षे मनात घर करून राहतो, असे का व्हावे? हा केवळ पैशाचा आणि प्लेऑफचा (राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या बाद फेरीचा) परिणाम आहे, की या दोन गोष्टी मुळातच वेगळ्या जातीच्या आहेत?

सॅन_गॅब्रिएल

आपला प्रश्न वाचून राहवले नाही. मी कॅलिफोर्नियातील पॅसाडेनापासून जवळ राहतो आणि नववर्षाच्या पहिल्या दिवसाची रोझ परेड व त्यानंतरचा रोझ बाउल हा आमच्या घरी सणच असतो. त्यामुळे माझे मत बाउल सामन्यांच्या बाजूला झुकलेले आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

माझ्या समजुतीप्रमाणे या दोन्ही गोष्टी मुळातच वेगळ्या आहेत. बाउल सामना हा पाहुण्यांचा सामना आहे आणि पारंपरिक प्रतिस्पर्ध्यांशी होणारा सामना हा बांधाला बांध लागलेल्या शेजाऱ्यांचा. बाउलचा जन्मच पाहुणे बोलावण्याच्या हेतूने झाला. पॅसाडेनात फुलांच्या रथांची मिरवणूक १८९० पासून निघत होती. भर हिवाळ्यात येथे गुलाब फुलतात, हे पूर्वेकडच्या बर्फात अडकलेल्या लोकांना दिसावे, हा तिचा उद्देश. त्या मिरवणुकीला जोड म्हणून १ जानेवारी १९०२ रोजी मिशिगन आणि स्टॅनफर्ड यांचा सामना ठेवला गेला. मिशिगन ४९–० असे पुढे असताना, आठ मिनिटे शिल्लक असतानाच, स्टॅनफर्डने सामना थांबवण्याची विनंती केली. तो एकतर्फीपणा संयोजकांना इतका लागला, की पुढची काही वर्षे त्यांनी फुटबॉलऐवजी रथांच्या शर्यती भरवल्या आणि फुटबॉल परतला तो थेट १९१६ साली. मंदीच्या काळात मायामी, न्यू ऑर्लीन्स, एल पासो आणि डॅलस या उबदार शहरांनी हाच मार्ग धरला. ऑरेंज, शुगर आणि सन हे तिन्ही बाउल १९३५ चे, तर कॉटन बाउल १९३७ चा.

तेव्हा संबंध देशात सर्वांना खेळवणारी स्पर्धा नव्हती. ओहायोतला संघ कॅलिफोर्नियातल्या संघाला एरवी क्वचितच भेटत असे. १९४७ पासून बिग टेन या मध्य-पश्चिमेकडच्या कॉन्फरन्सचा संघ आणि पॅसिफिक किनाऱ्यावरचा संघ रोझ बाउलमध्ये समोरासमोर येऊ लागले, आणि ज्यांच्याविषयी वर्षभर केवळ वर्तमानपत्रात वाचले त्यांची ताकद खरोखर किती, हे त्या एका दुपारी कळत असे. बाउलची गोडी या नवलाईत होती. आज दर शनिवारी साऱ्या देशाचे सामने घरबसल्या दिसतात आणि ही नवलाई ओसरली आहे. १ जानेवारी २०२५ च्या रोझ बाउलमध्ये ओहायो स्टेटने ऑरेगनला ४१–२१ असे हरवले. उत्तम संघ, उत्तम खेळ. पण पॅक-१२ ही पश्चिमेकडची कॉन्फरन्स मोडल्यानंतर ऑरेगन बिग टेनमध्ये गेल्यामुळे दोन्ही संघ एकाच कॉन्फरन्सचे होते आणि ऑक्टोबरमध्ये एकदा खेळूनही झाले होते. मागे सॅन गॅब्रिएलच्या डोंगरांवर संध्याकाळचा गुलाबी रंग नेहमीप्रमाणेच चढला होता. मैदानावर मात्र कोणीच कोणाचा पाहुणा नव्हता, आणि ते मला फार जाणवले.

दुसरे कारण खेळाडूंचे आहे, आणि त्याबद्दल मी त्यांना दोष देणार नाही. १ जानेवारी २०१६ रोजी फिएस्टा बाउलमध्ये नोटर डेमच्या जेलन स्मिथचा गुडघा निकामी झाला. व्यावसायिक निवडीत अगदी वरच्या क्रमांकांवर जाण्याची अपेक्षा असलेला हा खेळाडू ३४ व्या क्रमांकावर गेला आणि त्याचे पहिले वर्ष बरे होण्यातच गेले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ख्रिश्चन मॅकॅफ्री आणि लेनर्ड फोर्नेट यांनी आपापल्या संघांचे बाउल सामने न खेळण्याचे ठरवले तेव्हा पुष्कळ टीका झाली. आज ती प्रथाच झाली आहे. २०२३ साली फ्लॉरिडा स्टेट १३ पैकी १३ सामने जिंकूनही प्लेऑफमधून वगळले गेले आणि ऑरेंज बाउलला जॉर्जियासमोर जो संघ उतरला त्यात नेहमीच्या खेळाडूंपैकी वीसहून अधिक जण नव्हते. निकाल ६३–३ असा लागला. २०२५ च्या डिसेंबरात तर दहा विजय मिळवूनही प्लेऑफमध्ये स्थान न मिळालेल्या नोटर डेमने बाउल सामना खेळण्यासच नकार दिला.

तरीही बाउल निरर्थक झाले, असे मी म्हणणार नाही. सहा विजय मिळवून कशीबशी पात्रता गाठलेल्या लहान विद्यापीठाच्या संघाकडे पाहा. त्या संघातल्या बहुतेकांना व्यावसायिक फुटबॉलचे दार कधीच उघडणार नसते. राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर दिसण्याची त्यांची ती एकच वेळ असते, आणि त्यानिमित्ताने मिळणारे सरावाचे अधिकचे दोन-तीन आठवडे पुढच्या वर्षीच्या मुलांना घडवतात. १ जानेवारी २००७ च्या फिएस्टा बाउलमध्ये बॉइझी स्टेटने ओक्लाहोमाला जादा वेळेत ४३–४२ असे हरवले ते आठवते का? सात सेकंद उरली असताना केलेला बरोबरीचा टचडाऊन, आणि शेवटी एका गुणाची बरोबरी पत्करण्याऐवजी दोन गुणांसाठी केलेले धाडस. क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूने, एका हाताने पास टाकल्याचा आविर्भाव केला आणि दुसऱ्या हाताने पाठीमागून चेंडू इयन जॉन्सनकडे दिला. ज्या संघाला मोठी विद्यापीठे आपल्या पंगतीला बसवत नव्हती, त्याला ही संधी बाउलनेच दिली.

निळा_तंबू

मी ड्यूकचा माजी विद्यार्थी, म्हणजे रॉलीकरांच्या दृष्टीने विरुद्ध गोटातला. वर सॅन_गॅब्रिएल यांनी मांडलेली पाहुणा आणि शेजारी ही कल्पना मला अगदी पटली. त्यातल्या शेजाऱ्याबद्दल थोडे सांगतो.

ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना यांच्यातले अंतर सुमारे दहा मैलांचे आहे. आपल्याकडच्या भाषेत ही एकच पंचक्रोशी झाली. एक खासगी विद्यापीठ आणि एक राज्याचे, एकाचा निळा गडद आणि दुसऱ्याचा आकाशी. दोन्हीकडची माणसे एकाच दुकानात भाजी घेतात, एकाच रुग्णालयात काम करतात, कित्येक घरांत नवरा एका बाजूचा आणि बायको दुसऱ्या बाजूची असते. हे संघ १९२० पासून एकमेकांशी खेळत आले आहेत आणि दर हिवाळ्यात निदान दोनदा, एकदा त्यांच्या अंगणात आणि एकदा आमच्या अंगणात, भेटतात. बाउलमध्ये हरलात तर त्या संघाशी पुन्हा गाठ पडायला वीस वर्षेही लागू शकतात. येथे हरलात तर दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी कुंपणापाशी उभा असतो, आणि पुढचा सामना महिन्याभरावर असतो. त्यामुळे इथली जखम भरण्याआधीच खपली निघते.

आमचे कॅमेरन इनडोअर स्टेडियम १९४० साली उघडले आणि त्यात ९,३१४ माणसे मावतात; एवढ्या नामांकित संघाला ते लहानच आहे. विद्यार्थी मैदानाच्या कडेला लाकडी बाकांवर उभे असतात, इतके जवळ की चेंडू बाहेरून आत टाकणाऱ्या खेळाडूच्या पाठीला त्यांचे हात जवळजवळ लागतात. त्या जागेसाठी पदवीचे विद्यार्थी कडाक्याच्या थंडीत आठवडेच्या आठवडे तंबू ठोकून राहतात आणि त्या वस्तीला प्रशिक्षक माइक शशेव्हस्की (Krzyzewski, म्हणून ‘कोच के’) यांच्यावरून के-व्हिल म्हणतात. आम्हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी सप्टेंबरात एका शनिवार-रविवारी वेगळा मुक्काम असे. दिवसा-रात्री केव्हाही भोंगा वाजे, आणि नाव पुकारले जाईल तेव्हा हजर नसणाऱ्याचा हक्क जाई. शेवटपर्यंत टिकलेल्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढून तिकिटे मिळत. त्या दोन रात्री पावसात भिजत ज्यांच्यासोबत मी पिठलं-भात खाल्ला, त्यांपैकी एक हैदराबादचा आणि दोघे चीनचे होते. अमेरिकेत आल्यावर पहिले मित्र मला त्या रांगेत मिळाले.

आता दुखऱ्या जागेविषयी. कोच के यांनी ४२ हंगामांनंतर निवृत्ती जाहीर केली होती. ५ मार्च २०२२ रोजी कॅमेरनमधला त्यांचा अखेरचा सामना नॉर्थ कॅरोलायनाशीच होता. त्यांचे जुने शिष्य मोठ्या संख्येने आले होते आणि पाहुण्यांनी तो ९४–८१ असा जिंकला. ते उट्टे काढायची संधी बरोबर चार आठवड्यांनी, २ एप्रिलला, न्यू ऑर्लीन्सच्या फायनल फोरमध्ये मिळाली. शंभर वर्षांच्या वैरात राष्ट्रीय स्पर्धेत हे दोन संघ तोवर कधीच समोरासमोर आले नव्हते. अखेरच्या अर्ध्या मिनिटात केलेब लव्हचा तीन गुणांचा चेंडू आत गेला आणि ८१–७७ या निकालाने कोच के यांची कारकीर्द तेथेच संपली. दोन दिवसांनी कॅन्ससने नॉर्थ कॅरोलायनाला ७२–६९ असे हरवले आणि विजेतेपद त्यांच्या हाती आले नाही. तरी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल गावातल्या कोणालाही विचारा, त्या वर्षाबद्दल तो आधी शनिवारचाच सामना सांगेल. विजेतेपदाहून मोठा असा उपांत्य सामना मी दुसरा पाहिलेला नाही, आणि तो हरणाऱ्यांच्या बाजूने पाहिला असूनही हे लिहीत आहे.

एक गोष्ट जाता जाता सांगतो, कारण येथे बाउल आणि ड्यूकचे गाव डरहम यांची गाठ पडते. पर्ल हार्बरवरच्या हल्ल्यानंतर पश्चिम किनाऱ्यावर मोठी गर्दी जमवण्यास बंदी आली, म्हणून १ जानेवारी १९४२ चा रोझ बाउल ड्यूकच्या मैदानावर खेळला गेला. ऑरेगन स्टेट देशाच्या दुसऱ्या टोकाहून आले आणि यजमान असलेल्या ड्यूकला २०–१६ असे हरवून गेले.

कॅन्सस_सिटी

वरचे दोन्ही प्रतिसाद आवडले, पण एका मुद्द्यावर मला नम्रपणे वेगळे म्हणायचे आहे. बास्केटबॉलमधले वैर आपोआप ताजे राहते, असे मानणे धोक्याचे आहे. आम्ही ते तुटताना पाहिले आहे.

कॅन्सस आणि मिझुरी यांच्या वैराची मुळे खेळात नाहीत. १८५० च्या दशकात गुलामगिरीच्या प्रश्नावरून या सीमेवर रक्त सांडले, आणि १८६३ साली मिझुरीच्या बाजूने आलेल्या क्वांट्रिलच्या टोळीने लॉरेन्स गाव जाळले. कॅन्सस विद्यापीठ त्याच लॉरेन्समध्ये आहे. आमच्या शहरातून राज्याची सीमा जाते. रस्त्याची एक बाजू एका राज्यात आणि दुसरी दुसऱ्या राज्यात. यापेक्षा जवळचा शेजार कोणता असणार? तरीही दूरचित्रवाणीच्या करारांच्या हिशेबात मिझुरी २०१२ साली एसईसी कॉन्फरन्समध्ये गेले आणि कॅन्ससने सामने ठेवण्यास नकार दिला. २५ फेब्रुवारी २०१२ रोजी कॅन्ससच्या ॲलन फील्डहाउसमध्ये झालेल्या शेवटच्या लढतीत कॅन्ससने १९ गुणांची पिछाडी भरून काढून जादा वेळेत ८७–८६ असा विजय मिळवला. एवढा अटीतटीचा सामना झाला, आणि त्यानंतर नियमित हंगामात नऊ वर्षे काहीच नाही.

त्या नऊ वर्षांत लॉरेन्समध्ये शिकून गेलेल्या मुलांच्या दोन पिढ्यांना मिझुरी म्हणजे केवळ वडीलधाऱ्यांच्या आठवणीतले नाव होते. डिसेंबर २०२१ मध्ये सामना पुन्हा सुरू झाला, कॅन्ससने तो १०२–६५ असा जिंकला, आणि माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांच्या डोळ्यांत पाणी आले, तर त्यांचा नातू इतर कोणताही सामना पाहावा तसा शांतपणे पाहत होता. फुटबॉलमध्ये तर हे संघ पुन्हा भेटायला सप्टेंबर २०२५ उजाडला. वैर हेही जोपासावे लागते; बांध मोडला की शेजारही जातो. उद्या एसीसीच फुटली तर ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलायना आपापला सामना टिकवतील असे मला वाटते, परंतु एन. सी. स्टेटच्या वाट्याला काय येईल, याची काळजी रॉलीकरांनी आजच करावी.

पुणे_पहाट

मी ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठात शिकून आता पुण्यात परतले आहे, म्हणून दूरच्या चाहत्याचे दोन शब्द. १ जानेवारी २०२४ चा रोझ बाउल आमच्याकडे २ तारखेच्या पहाटे साडेतीनला सुरू झाला. गजर लावून उठले, चहा केला आणि आवाज बंद ठेवून पाहिला, कारण आईबाबा झोपले होते. दीड मिनिट उरले असताना रोमन विल्सनने बरोबरीचा मार्ग मोकळा केला, जादा वेळेत ब्लेक कोरमने टचडाऊन केला, आणि अलाबामाच्या जेलन मिलरोला गोलरेषेच्या अलीकडे अडवले तेव्हा मी ओरडलेच आणि आई धावत बाहेर आली. २७–२० असा विजय. त्या सामन्यात कोणीही महत्त्वाचा खेळाडू घरी बसला नव्हता, कारण तो उपांत्य सामना होता आणि पुढे विजेतेपद होते.

पण प्रामाणिकपणे सांगायचे तर मिशिगनच्या आम्हा लोकांना ओहायो स्टेटला हरवल्याचा आनंद त्याहून जवळचा वाटतो. ३० नोव्हेंबर २०२४ रोजी आमचा संघ दुबळा असूनही त्यांच्या कोलंबसला जाऊन १३–१० असा जिंकला. त्यानंतर ओहायो स्टेटनेच राष्ट्रीय विजेतेपद मिळवले, तरी त्या शनिवारचा आनंद आमच्याकडून कोणी काढून घेऊ शकले नाही. तेव्हा हा भेद फुटबॉल आणि बास्केटबॉल यांच्यातला नाहीच, असे मला वाटते. फुटबॉलमध्येही शेजाऱ्याशी होणारा सामना तितकाच जिवंत आहे; फरक एवढाच, की तो नोव्हेंबरात होऊन जातो आणि बाउल त्याच्या नंतर येतो.

रॉलीकर

सर्वांचे मनापासून आभार. पुणे_पहाट यांनी माझा प्रश्नच दुरुस्त करून दिला, ते मान्य करतो. मी डिसेंबरची तुलना मार्चशी करत होतो, ती नोव्हेंबरशी करायला हवी होती. नॉर्थ कॅरोलायनाविरुद्धचा आमचा फुटबॉल सामनाही मला वर्षभर पुरतो, हे लिहिताना विसरलोच.

कॅन्सस_सिटी यांच्या प्रतिसादाने मात्र झोप उडाली. ज्या तीन विद्यापीठांच्या मध्ये हे सगळे गाव वसले आहे, त्यांतले एखादे उद्या दूरच्या कॉन्फरन्समध्ये निघून जाईल, ही शक्यता मी आजवर मनात येऊ दिली नव्हती. माझी मुलगी या वर्षी चॅपेल हिलला शिकायला गेली आहे आणि आकाशी निळा सदरा घालून घरी येते. तिच्या चार वर्षांत हा सामना दर हिवाळ्यात दोन्ही अंगणांत व्हावा, अशी माझी फार इच्छा आहे. फेब्रुवारीतल्या सामन्याची दोन तिकिटे शोधतो आहे.

आणि सॅन_गॅब्रिएल, हिवाळ्यात शार्लटला होणारा बाउल आमच्यापासून गाडीने तीन तासांच्या आत आहे. या वेळी कोणते संघ येतात ते न पाहता जाईन म्हणतो. सहा विजयांवर आलेले एखादे लहान विद्यापीठ असले, तर त्यांच्याच बाजूला बसेन.